शंभर ग्रॅमची ओढ

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वरच्या जबड्यातील दोन उपदाढा काढाव्या लागल्या, डाव्या बाजूची एक आणि उजव्या बाजूची एक. तिचे पुढचे दात ओठांबाहेर झुकलेले होते, त्यांना मागे घ्यायला जबड्यात जागा नव्हती, आणि तिच्या बाबतीत ती जागा अशीच करावी लागेल, हे डॉक्टरांनी एक्स-रे आणि दातांचे साचे समोर ठेवून आम्हाला समजावून सांगितले होते. उपदाढेची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर असते. म्हणजे दोन्ही बाजूंना सात-सात मिलिमीटरची एकेक फट उरली. तारा बसवून बाकीचे दात एका ओळीत आणण्यात पाच महिने गेले, आणि त्यानंतर एका संध्याकाळी डॉक्टरांनी मुलीच्या हातात एक लहानसे पाकीट ठेवले. त्यावर एका प्राण्याचे चित्र होते आणि आत शर्टाच्या बटणाहूनही लहान अशा शंभरेक रबरी कड्या होत्या. सुळ्यावरच्या हुकापासून मागच्या दाढेवरच्या हुकापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक कडी अडकवायची, जेवताना आणि दात घासताना काढायची, बाकी दिवस-रात्र ठेवायची आणि रोज नवी वापरायची, एवढी सूचना त्यांनी दिली.

मी कऱ्हाडजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बल, ताण, क्रिया-प्रतिक्रिया हे शब्द वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले असले, तरी इतक्या नाजूक रबराने हाडात रुजलेला दात सरकतो कसा, याचे उत्तर मला देता येत नव्हते. मुलीने ते विचारले, तेव्हा मी तिला थोडे थांबायला सांगितले. पुढचे काही महिने मी हा विषय वाचला, डॉक्टरांना शंका विचारल्या, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा दोन दिवसांसाठी घरी आणला.

या कड्यांची मापे अजूनही इंचात आणि औंसात लिहिलेली असतात. आमच्या पाकिटावर पाव इंच आणि साडेतीन औंस असे लिहिले होते. पाव इंच हा कडीचा आतला व्यास. साडेतीन औंस म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम, आणि हे बल ती कडी स्वतःच्या आतल्या व्यासाच्या तिप्पट ताणली असता मिळते, असा या क्षेत्रातला जुना संकेत आहे. पाव इंचाची तिप्पट म्हणजे १९ मिलिमीटर. मुलीच्या सुळ्यापासून दाढेपर्यंतचे अंतर मी दोऱ्याने मोजले, ते २२ मिलिमीटर भरले. ताणकाट्याला नवी कडी लावून तेवढी ताणल्यावर काटा ११० ग्रॅमच्या आसपास स्थिरावला. रात्रभर तोंडात राहिलेली कडी सकाळी मोजली, तर तेवढ्याच ताणाला काटा ९० च्या जवळ आला. लाळ, उष्णता आणि जबड्याच्या सततच्या हालचालींमुळे लॅटेक्सची ओढ काही तासांतच कमी होऊ लागते. रोज नवी कडी वापरण्याचे कारण या एका मोजणीतून मुलीला पटले, आणि त्यानंतर तिला आठवण करून द्यावी लागली नाही.

शंभर ग्रॅम म्हणजे एका मध्यम टोमॅटोचे वजन. घास चावताना दाढांवर येणारा भार याच्या कितीतरी पट असतो, तरी चावण्याने दात जागचे हलत नाहीत. कारण तो भार क्षणभर येतो आणि जातो. रबराचा भार थोडा असतो, पण तो तासन् तास सुटत नाही. दात सरकायला दिवसातले किमान काही तास सलग बल लागते, आणि बल चालू राहण्याचा काळ जितका अधिक, तितकी हालचाल चांगली होते. त्यामुळे दिवसभर कड्या काढून ठेवून संध्याकाळी दुप्पट जोराच्या कड्या लावल्याने भरपाई होत नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात बसलेला नसतो. दाताचे मूळ आणि त्याभोवतीची हाडाची खोबण यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा एक मऊ थर असतो, ज्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. त्यात तंतू असतात, रक्तवाहिन्या असतात, पेशी आणि द्रव असतो. पाळणा दोऱ्यांवर तोलून धरावा तसा हा तंतूंचा थर दाताला चहूबाजूंनी धरून ठेवतो. सुळा रबराने मागे ओढला गेला, की त्याच्या मागच्या बाजूचा थर दाबला जातो आणि पुढच्या बाजूचा ताणला जातो. दाबलेल्या बाजूचा रक्तप्रवाह कमी होतो, ताणलेल्या बाजूची स्थिती बदलते, आणि काही तासांत तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडू लागतात. त्यातून दाबाच्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट नावाच्या, हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, तर ताणाच्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी नवे हाड रचू लागतात. म्हणजे रबर दाताला हाडातून ओढून नेत नाही. ते हाडाला दिशा कळवत राहते. दाताच्या पुढ्यातले हाड शरीर स्वतः काढते, आणि दाताच्या पाठीमागे शरीरच ते पुन्हा भरते. सुळा सात मिलिमीटर मागे येतो, तेव्हा त्याची संपूर्ण खोबणही त्याच्याबरोबर सात मिलिमीटर मागे आलेली असते.

याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवलेल्या इम्प्लांटभोवती, म्हणजे कृत्रिम मुळाभोवती, हा तंतूंचा थर नसतो, त्याचा धातू थेट हाडाशी जुळलेला असतो. म्हणून त्याला कितीही रबरे लावली, तरी तो सरकत नाही. अपघातानंतर एखाद्या खऱ्या दाताचे मूळ हाडाशी एकजीव झाले असेल, तर तो दातही असाच अचल होतो.

दाब आणि ताण यांमुळे हाडात होणारे हे फेरफार स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पुढे १९३२ मध्ये श्वार्त्झ यांनी मांडले, की मुळावर येणारा दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून जास्त नसावा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅम इतकाच असावा. दाब याहून बराच वाढला, तर त्या जागचा रक्तप्रवाह थांबतो आणि तिथल्या पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा, पेशीविरहित दिसतो. हाड विरघळवणाऱ्या पेशीच तिथे नसल्यामुळे दात अडून राहतो. मग शेजारच्या, जिवंत भागातून पेशी येतात आणि हाड आतल्या बाजूने पोखरत पोखरत त्या मृत भागापर्यंत पोहोचतात. यात एक-दोन आठवडे सहज जातात, दुखते जास्त, आणि मुळालाही इजा होण्याचा धोका वाढतो.

हे मी वाचले होते, पण ते घरातच पाहायला मिळेल असे वाटले नव्हते. फट लवकर मिटावी म्हणून मुलीने कोणालाही न सांगता आठवडाभर प्रत्येक बाजूला दोन-दोन कड्या लावल्या. तिसऱ्या दिवसापासून तिला पोळी चावता येईना, म्हणून ती आमटीत भात कालवून जेवू लागली, आणि तरीही सुळा मुळीच हलला नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी फट मोजली आणि लगेच विचारले, "दोन लावत होतीस का?" मुलीने मान खाली घालून होकार दिला. त्यांनी तिला रागावण्याऐवजी कागदावर दाताचे चित्र काढून तो काचेसारखा मृत भाग पेन्सिलीने रंगवून दाखवला. शिक्षिका म्हणून मला त्यांचा हा संयम फार मोलाचा वाटला.

बल किती असावे याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे ते कुठे लागते. दाताचा बराचसा भाग हाडात असतो आणि आपल्या हाती लागतो तो केवळ वरचा, दिसणारा भाग. दाताच्या हालचालीला होणारा विरोध ज्या बिंदूशी एकवटलेला मानता येतो, तो बिंदू मुळावर, हाडाच्या आत असतो. रबराची कडी मात्र ब्रॅकेटवर, म्हणजे तार बसवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या लहानशा खाचेच्या तुकड्यावर, त्या बिंदूपासून बऱ्याच अंतरावर ओढते. दाराला बिजागरीपासून दूर ढकलले असता ते फिरते, तसाच दातही फिरतो. त्याचा दिसणारा भाग फटीकडे झुकतो आणि मुळाचे टोक उलट दिशेला जाते. आरशात पाहणाऱ्याला वाटते, की फट मिटली. प्रत्यक्षात दात तिरका झालेला असतो आणि हिरडीखालची मुळे एकमेकांपासून दूरच असतात.

तारेचे खरे काम इथे आहे. ब्रॅकेटची खाच साधारण ०.५६ मिलिमीटरची असते आणि फट मिटवण्याच्या काळात तिच्यात जवळजवळ भरून बसेल अशी, चौकोनी छेदाची, ताठ स्टीलची तार घातलेली असते. दात झुकू लागला, की खाचेच्या दोन्ही कडा तारेला टेकतात आणि तार त्याला परत सरळ उभे करण्याचा प्रयत्न करते. अशा रीतीने दात किंचित झुकतो, सरळ होतो, पुन्हा किंचित झुकतो, आणि तारेवरून एकेक पाऊल टाकत मागे सरकतो. बल प्रमाणाबाहेर वाढवले, तर ताठ तारही वाकते, खाचेच्या कडा तिच्यात रुततात आणि घर्षणापायी सरकणेच थांबते. दोन कड्यांनी माझ्या मुलीचे काम का अडले, याचे हे दुसरे कारण असणार. एकंदरीत महिन्याला सुमारे एक मिलिमीटर ही चांगली गती मानली जाते, आणि सात मिलिमीटरला सात-आठ महिने लागतात ते यामुळेच.

न्यूटनचा तिसरा नियम मी नववीला शिकवते, पण तो नियम इतक्या जवळून मी पूर्वी कधी अनुभवला नव्हता. कडी सुळ्याला जितक्या बलाने मागे ओढते, तितक्याच बलाने ती दाढेला पुढे ओढते. दाढेला एकाहून अधिक मुळे असतात, त्यामुळे तोच शंभर ग्रॅमचा भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जाऊन तिच्या मुळांवरचा दाब कमी राहतो आणि ती कमी सरकते. तरीही ती सरकतेच. दाढाच पुढे येऊन निम्मी फट व्यापून बसल्या, तर पुढचे दात मागे घेण्यासाठी केलेली जागा वाया जाते. म्हणून दाढांना शेजारच्या दातांशी बांधून ठेवतात, टाळूवरून तार टाकून दोन्ही बाजूंच्या दाढा एकमेकींशी जोडतात, किंवा हाडात टायटॅनियमचा बारीक मिनी-स्क्रू बसवून रबर त्याला अडकवतात. रबर लावण्यापूर्वी डॉक्टर ज्या गोष्टींचा विचार करतात, त्यांतला बराच मोठा वाटा काय सरकू नये याचाच असतो.

सुळे मागे आल्यावर पुढच्या चार दातांसाठी डॉक्टरांनी पॉवर चेन लावली. ही पॉलियुरेथेनची, एकमेकींना जोडलेल्या कड्यांची साखळी असते, आणि ती रुग्णाने काढायची नसते. तिची ओढ पहिल्या चोवीस तासांत निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटते आणि मग उरलेल्या बलावर ती तीन-चार आठवडे काम करते. ही घट लक्षात घेऊनच ती सुरुवातीला जास्त ताणून बसवतात. निकेल-टायटॅनियमच्या स्प्रिंगची ओढ याहून स्थिर राहते, पण साखळी स्वस्त असते आणि बसवायलाही सोपी.

या रबराचा इतिहास लहान असला, तरी मला आवडला. अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी १८४३ मध्ये दात सरकवण्यासाठी रबर वापरले आणि १८५० मध्ये टकर यांनी रबराच्या नळीचे काप काढून कड्या तयार केल्या. आजच्या लॅटेक्सच्या कड्याही नळी कापूनच बनतात. वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्यापर्यंत रबर ताणण्याची पद्धत १८९० च्या दशकात केस, बेकर आणि अँगल या तीन दंतवैद्यांमुळे रुळली.

गेल्या वर्षी मुलीच्या दोन्ही बाजूंच्या फटी मिटल्या. दोन दातांमधून धागा घालताना तो किंचित अडकून मग आत गेला, तेव्हा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. त्यानंतर तिच्या दातांच्या आतल्या बाजूला एक बारीक तार चिकटवली आहे आणि रात्री रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे काढघालीचे साधन, घालायचा आहे, कारण हाड नव्याने घडले, तरी हिरडीतले लवचिक तंतू जुनी जागा सहजासहजी विसरत नाहीत. त्यांना नव्या जागी स्थिरावायला एक वर्षापर्यंतचा काळ लागू शकतो.

हे सारे लिहायला मी बसले, त्याला कारण मात्र माझा भाचा आहे. माझ्या भावाचा हा मुलगा पुण्याला वसतिगृहात राहून शिकतो. त्याच्या वरच्या दोन पुढच्या दातांत दोनेक मिलिमीटरची फट होती. लहानपणी आमच्या आईने ती भाग्याची खूण म्हणून सांगितलेली; कॉलेजात गेल्यावर त्याला ती खुपू लागली. इंटरनेटवरचा एक व्हिडिओ पाहून त्याने तसल्याच बारीक रबरी कड्या मागवल्या आणि एक कडी थेट त्या दोन दातांभोवती घातली. ब्रॅकेट नाही, तार नाही, कोणी तपासणारे नाही. चार-पाच दिवसांत फट खरोखरच कमी झाली, आणि त्याने मला फोन करून मोठ्या उत्साहाने सांगितले, "आत्या, ताईला इतके महिने लागले, माझे आठवड्यात झाले." मी त्याला लगेच कडी काढायला सांगितले. पण कडी तेव्हा दातांवर नव्हतीच. आदल्या रात्री जेवताना गिळली गेली असावी, असे त्याला वाटत होते.

पुढे काय झाले, ते समजण्यासाठी एक गाजर घ्यावे आणि त्याच्या मधोमध रबर बँड चढवून तो हलकेच टोकाकडे लोटावा. ताणलेले रबर नेहमी कमी ताणाच्या जागेकडे, म्हणजे बारीक भागाकडे जाऊ पाहते. दाताचा दिसणारा भाग हिरडीकडे निमुळता होत जातो आणि त्यापुढचे मूळ तर शंकूसारखेच असते. दातांभोवती नुसती कडी घातली, की ती आधी हिरडीपर्यंत सरकते, मग हिरडीखाली शिरते आणि मुळावरून टोकाकडे चढत जाते. वाटेत ती दाताला धरून ठेवणारे तंतू तोडते, आणि त्याभोवतीचे हाडही नष्ट होते. दातांच्या वैद्यकीय साहित्यात अशा मुलांच्या नोंदी अनेक दशकांपासून आहेत, आणि त्यांतल्या काहींना दोन्ही पुढचे दात कायमचे गमवावे लागले.

भाच्याची हिरडी सुजली आणि तिच्यातून पू येऊ लागला. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे तो गेला, त्यांनी हिरडीचा संसर्ग समजून औषधे दिली, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण भाच्याने रबराविषयी एक शब्दही सांगितला नव्हता. संकोचामुळे त्याने ते लपवले. महिनाभरात दोन्ही दात सैल झाले आणि शेजारच्या दातांपेक्षा खाली उतरल्यासारखे लांब दिसू लागले. शेवटी भावाने त्याला माझ्या मुलीच्या डॉक्टरांकडे आणले. त्यांनी एक्स-रेमध्ये फक्त त्या दोन दातांभोवतीचेच हाड खोलवर गेलेले पाहिले आणि सरळ विचारले, "रबर लावला होतास?" हिरडी उघडून मुळांच्या अर्ध्याहून वर गेलेली ती कडी हिरड्यांच्या तज्ज्ञांनी बाहेर काढली. आज ते दात शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवलेले आहेत. ते टिकतील की नाही, हे अजून सांगता येत नाही.

म्हणजे कडी तशीच होती, बलही जवळपास तेवढेच होते. माझ्या मुलीच्या तोंडात ती कडी हुकात अडकलेली होती, त्यामुळे तिला हिरडीकडे जाता येत नव्हते. बलाची दिशा तारेने ठरवून दिलेली होती. आणि दर महिन्याला फट मोजणारे कोणी होते. यांतले एकही भाच्यापाशी नव्हते. पुढच्या दोन दातांतली फट मिटवण्याचे सुरक्षित मार्ग आहेत, आणि पुष्कळदा आधी फट का पडली हे पाहावे लागते, कारण ओठाला हिरडीशी जोडणारी जाड पट्टी त्या दातांमध्ये उतरलेली असेल, तर तिचाही उपाय करावा लागतो. सात ते बारा वर्षांच्या मुलांत अशी फट दिसली, तर बऱ्याचदा काहीच करावे लागत नाही. सुळे उगवताना ती आपोआप कमी होते.

आपल्या घरातल्या कोणी अशी कडी दातांना नुसती गुंडाळली असेल, तर ती दिसत असतानाच काढून टाकावी आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. आणि ती दातांवरून दिसेनाशी झाली असेल, तर पडली किंवा गिळली असे गृहीत न धरता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रबर लावले होते हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण लॅटेक्सची कडी एक्स-रेमध्ये दिसत नाही.